यंत्राचे भाडे, हातांचे मोल

बँकेत ३६ वर्षे काढल्यामुळे कोणतेही बिल हाती आले की एकेक रक्कम तपासायची, ही खोड अजून गेलेली नाही. माझा थोरला भाऊ अकरा दिवस अतिदक्षता विभागात होता. बिलात व्हेंटिलेटरचा रोजचा आकार ठळक दिसत होता. शुश्रूषेची ओळ मात्र शोधावी लागली. मी तिथे जे पाहिले, ते या हिशेबाच्या नेमके उलट होते.

तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घातली की माणसाला बोलता येत नाही, गिळता येत नाही, धड खोकताही येत नाही. यंत्र हवा आत ढकलते. बाकी सारे कुणाच्या तरी हातांनी करावे लागते. कफ ओढून घ्यायचा, तोही १०-१५ सेकंदांत, कारण तेवढ्यातही रुग्णाचा प्राणवायू उतरू शकतो. उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवायची. जंतू फुप्फुसात उतरू नयेत म्हणून तोंड स्वच्छ करायचे. नळीभोवतीच्या फुग्यातला दाब मोजायचा. तो कमी झाला तर लाळ खाली झिरपते, जास्त झाला तर श्वासनलिकेला इजा होते.

दादा तिसऱ्या दिवसापासून सारखा चेहऱ्याकडे हात नेऊ लागला. भ्रम झाला असेल, नळी उपसून काढील, म्हणून हात बांधायचे ठरत होते. आम्हीही मान डोलावली. रात्रपाळीच्या सिस्टरने मात्र त्याच्या हाती पेन दिले, खाली पाटी धरली. वेड्यावाकड्या अक्षरांत त्याने लिहिले, 'चष्मा'. तो चष्मा तीन दिवस माझ्याच खिशात होता. कादंबऱ्यांतून पानेच्या पाने संवाद लिहिणाऱ्या मला सख्ख्या भावाचा एक शब्द कळला नव्हता.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा यंत्रे पुरेनात. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी बसवण्याचा आणि रबरी पिशवी दाबून श्वास देण्याचा मार्ग काढला. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने त्या पिशव्या दाबत बसले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात अशी माणसांच्या हातांनी झाली.

आपल्याकडे २०२० मध्ये पीएम केअर्स निधीतून ५० हजार व्हेंटिलेटरसाठी दोन हजार कोटी रुपये जाहीर झाले. ते हवेच होते. पण यंत्र काही महिन्यांत तयार होते; परिचारिका घडायला तीन-चार वर्षांचे शिक्षण आणि त्यावर अनुभव लागतो. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका, हा निकष कागदावर आहे. प्रत्यक्षात तो पाळला जातो का, हे आपण विचारतच नाही.

म्हणून सांगावेसे वाटते, आपले माणूस दाखल करताना 'व्हेंटिलेटर आहे ना?' एवढे विचारून थांबू नका. 'रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात?' हेही विचारा. त्या रात्री तिच्याकडे आणखी चार रुग्ण असते, तर पाटी धरायला तिला वेळ कुठून मिळाला असता? दादाचे हात बांधले गेले असते, आणि चष्मा माझ्या खिशातच राहिला असता.