एका थेंबात पन्नास आजार!

मंडळी, नात्यात बाळ झालं की हल्ली पेढ्यांपाठोपाठ एक रंगीत माहितीपत्रक येतं. टाचेतल्या एका थेंबात पन्नास आजारांचा शोध! किंमत अर्थातच हजारांत. मग विचारणा होते, कुठली टेस्ट चांगली?

आजारांची संख्या मोजून टेस्ट निवडणं म्हणजे पानं मोजून पुस्तक घेणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९६० च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट गथ्रींनी फिनाइलकीटोन्यूरियासाठी टिपकागदावर वाळवलेल्या रक्ताची चाचणी काढली. एका चाचणीत एक आजार. १९९० नंतर टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री आली आणि त्याच ठिपक्यातून चयापचयाचे डझनावारी दोष दिसू लागले. मशीन भारीच आहे, वाद नाही. पण गंमत बघा, जन्मजात थायरॉइडची कमतरता या मशीनला दिसतच नाही! तिला टीएसएचची वेगळी, साधी, स्वस्त चाचणी लागते. (ती दर वेळी आनुवंशिक नसते, पण ठिपका त्याच कार्डावरचा.)

आयसीएमआरच्या लाखभर बाळांच्या पाहणीत साधारण ११०० बाळांमागे एकाला ती सापडली. असं बाळ कमी रडतं, खूप झोपतं. घरचे म्हणतात, "किती गुणी!" पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची स्वस्त गोळी सुरू झाली तर मूल चारचौघांसारखं वाढतं. राहून गेली तर मेंदूचं नुकसान भरून येत नाही.

आता आपल्या नगर जिल्ह्यात (कागदोपत्री अहिल्यानगर) या. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीच्या बाळंतिणीला दुसऱ्याच दिवशी घरी जायचं असतं. पहिले दोन दिवस टीएसएच मुळातच वाढलेलं असतं, म्हणून घाईत टाच टोचली की खोटी घंटा वाजते. मग तिला डोंगरातून परत कोण बोलावणार? यावर उपाय आहे: जन्मतःच नाळेतलं रक्त घ्या. मात्र फिनाइलकीटोन्यूरियासाठी ते चालत नाही, कारण बाळ अजून दूधच प्यायलेलं नसतं. म्हणजे "सर्वोत्तम टेस्ट" असं काही नसतंच. कुठला आजार, कुठलं बाळ, आणि रिपोर्ट वेळेत हातात पडणार का, एवढेच प्रश्न खरे.

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याच्या यादीत हा आजार आहे. पण यादीत नाव असणं वेगळं आणि प्रत्येक बाळाची तपासणी होणं वेगळं. वाळलेलं कार्ड पाकिटातून जातं. त्यासाठी तालुक्याला प्रयोगशाळा लागत नाही. मग अडतं कुठे?

शहरातल्या एका बाळाचे पन्नास आजार तपासण्याआधी जिल्ह्यातल्या प्रत्येक बाळाचा एक तपासा. आणि नातेवाईकहो, माहितीपत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांना इतकंच विचारा: टीएसएच केली का, आणि रिपोर्ट कधी?