किलोत मोजलेलं यश

मानपाडे दोन आहेत. एक ठाण्यात, घोडबंदर रोडला. दुसरा डोंबिवली पूर्वेला, ज्याच्या नावाचा रस्ता स्टेशनकडून कल्याण-शिळ रोडला जाऊन भिडतो. दोन्हीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो अधूनमधून येतोच. टेबलावर प्लास्टिकच्या पिशव्या, मागे तोंडावर बुरखा घातलेला आरोपी, दोन्ही बाजूंना पोलीस. इतके ग्रॅम एमडी, इतके किलो गांजा, किंमत इतके लाख. खाली टाळ्यांचे इमोजी.

पोलिसांनी पकडलं, चांगलंच केलं. माझं भांडण त्या फोटोशी नाही. भांडण याच्याशी आहे, की ड्रग्जबाबत सरकार काय करतं हे आपल्याला फक्त त्या फोटोतूनच कळतं. नशेतून बाहेर आलेल्या माणसांचा आकडा तुम्ही शेवटचा कधी ऐकलात?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे 'किती तिकिटं बंद केली' यावर अप्रेझल ठरायला लागलं, की तिकिटं पटापट बंद होतात आणि बग तिथेच राहतो. जे मोजाल तेच वाढतं. सरकार जप्ती मोजतं, म्हणून जप्ती वाढते.

२०१६ साली ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कंपनीतून सुमारे साडेअठरा टन इफेड्रिन पकडलं. ऑक्टोबर २०२३मध्ये ललित पाटील ससून हॉस्पिटलमधून पळाला आणि नाशिकजवळचा एमडीचा कारखाना उघडकीला आला. फेब्रुवारी २०२४मध्ये कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्याचं प्रकरण निघालं. त्यात पकडलेल्या मालाची किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर सांगितली गेली. दर वेळी वाटलं, आता संपलं. संपलं नाही, कारण गांजाला निदान शेत लागतं. एमडीला केमिकल, थोडी माहिती आणि एखादी शेड पुरते. ज्या राज्यात जिल्ह्याजिल्ह्यात एमआयडीसी आहे, तिथे नुसत्या धाडी घालून माल संपणार नाही. गिऱ्हाईक आहे तोवर कारखाना निघणार.

आणि त्या गिऱ्हाइकाचं आपण काय करतो? त्याच्यावर केस करतो. २०२२मध्ये एनडीपीएस कायद्याखालच्या गुन्ह्यांत केरळ पहिला, महाराष्ट्र दुसरा आणि पंजाब तिसरा होता. देशभरातल्या अशा गुन्ह्यांपैकी निम्म्याहून जास्त गुन्हे विकण्याचे नसतात, स्वतःसाठी जवळ बाळगल्याचे असतात. दुसरीकडे, केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, बेकायदा ड्रग्जच्या आहारी गेलेल्या २० जणांपैकी एकालाच कधीतरी दाखल होऊन उपचार मिळालेले असतात. उरलेले १९ कुठे आहेत? घरात, नाक्यावर, नाहीतर कोठडीत.

आता मजा बघा. याच १९८५च्या एनडीपीएस कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात ड्रग्ज बाळगल्याचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. महापालिकेचं हॉस्पिटलही यात बसतं. म्हणजे दार आहे. पण दारावर पाटी नाही. कलम २७ची शिक्षा सगळ्यांना माहीत असते. ६४-अ किती पालकांना माहीत आहे?

कायद्याची भाषाही बोलकी आहे. शिक्षेच्या कलमात 'शिक्षा होईल' असं म्हटलंय. उपचार केंद्रांच्या कलम ७१मध्ये मात्र सरकार आपल्या मर्जीनुसार केंद्रं काढू शकतं. शिक्षा सक्तीची, उपचार ऐच्छिक.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकार आजारांच्या व्याख्येत घेतले आणि मानसिक आजाराला इतर आजारांसारखाच विमा द्या असं सांगितलं. तुमची हेल्थ पॉलिसी उघडा आणि 'एक्सक्लुजन'ची यादी वाचा. व्यसनावरचे उपचार बहुधा त्यातच सापडतील, कारण विमा नियामकाने ठरवून दिलेल्या वगळण्याच्या यादीतच ते आहेत. एक कायदा म्हणतो आजार, दुसरा म्हणतो गुन्हा, आणि विमा कंपनी म्हणते तुमचं तुम्ही बघा.

यावर नेहमीचं उत्तर येतं: मग काय, नशेबाजांचे लाड करायचे? नाही. विकणाऱ्याला आणि बनवणाऱ्याला आत टाका. पण खिशात एक पुडी असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा आणि कारखाना चालवणारा माणूस एक नाहीत. हे मी म्हणत नाही, कायदाच म्हणतो. दोन ग्रॅमपर्यंतचं एमडी अल्प प्रमाण, पन्नास ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण. त्या मुलावर केस झाली की पोलीस व्हेरिफिकेशन, पासपोर्ट, नोकरी, सगळ्याची धास्ती घरच्यांना लागते. म्हणून ते गप्प बसतात. लपवलेला आजार बळावतो आणि पुडी विकणाऱ्याचं पक्कं गिऱ्हाईक तयार होतं.

वेगळा रस्ता शोधायला पोर्तुगालला जायची गरज नाही. पुण्यात १९८६ साली, ब्राऊन शुगरने घरंच्या घरं पोखरली होती तेव्हा, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला पैशाचं बळ दिलं. सुरुवात झाली येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात. तिथे बरे झालेले लोकच पुढे कार्यकर्ते झाले. 'गर्दुल्ला' हा शब्द आपण शिवीसारखा वापरत होतो, तेव्हा तिथे त्याला 'रुग्णमित्र' म्हणत होते. म्हणजे काय करायचं ते महाराष्ट्राला जवळपास चाळीस वर्षं माहीत आहे. पण एका घराण्याने, काही देणगीदारांनी उभारलेलं काम हे राज्याचं धोरण नव्हे.

राज्याचं काम काय दिसतं? २६ जूनला रॅली, शपथ, पोस्टर स्पर्धा. १५ ऑगस्ट २०२०ला नशामुक्त भारत अभियान सुरू झालं. त्याचा हिशोबही 'इतक्या कोटी लोकांपर्यंत पोहोचलो' असाच. पोहोचलात, पुढे काय?

माझ्या मागण्या अवघड नाहीत. एक, मानपाड्यासकट प्रत्येक पोलीस स्टेशनच्या दर्शनी भागात कलम ६४-अ सोप्या मराठीत लावा. दोन, डोंबिवलीचं शास्त्रीनगर आणि कल्याणचं रुक्मिणीबाई, या पालिका हॉस्पिटलांबाहेर व्यसनमुक्तीची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजता, हे मोठ्या अक्षरात लिहा. नसेल तर सुरू करा. तीन, ठाणे जिल्ह्यात दर महिन्याला जप्तीच्या आकड्याशेजारी दुसरा आकडा द्या: किती जण उपचाराला आले, किती जण सहा महिन्यांनंतरही टिकून आहेत.

आपल्यालाही काम आहे. ड्रग्ज विकणाऱ्याची माहिती द्यायला १९३३ हा नंबर आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. दोन्ही सेव्ह करा. आणि पुढच्या वेळी तो टेबलाचा फोटो ग्रुपवर आला की टाळ्यांच्या इमोजीखाली एक ओळ लिहा: किलो कळले, माणसं किती?