नवापूर २००६ ते पणजी २०२१ : साथी, औषधे आणि राजवाड्यांची कसोटी

१/ १८ फेब्रुवारी २००६. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर त्या दिवशी देशभर चर्चेत आले. भोपाळच्या प्रयोगशाळेने तेथील कोंबड्यांमध्ये एच५एन१ विषाणू असल्याचे निश्चित केले. भारतातील बर्ड फ्लूची ती पहिली नोंद. एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. तरीही अंडी आणि चिकन यांची विक्री देशभर कोसळली.

२/ तेव्हा हातोहाती स्मार्टफोन नव्हते. त्याही आधी, १८९६ च्या मुंबईतील प्लेगात, इस्पितळात रोग्यांना जिवे मारतात अशा कंड्या पिकल्या होत्या आणि ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. म्हणजे साथ आणि अफवा यांची सोबत जुनीच. मग समाजमाध्यमांनी नवे काय केले?

३/ माझ्या मते दोन गोष्टी. एक, दावा पुराव्याच्या कितीतरी पुढे धावू लागला. दोन, त्या दाव्याला मोठ्या पदाचे वजन क्षणात लाभू लागले. अप्रमाणित औषधांचा प्रश्न यातील दुसऱ्या गोष्टीमुळे अधिक बिकट झाला.

४/ मार्च २०२०. फ्रान्समधील मार्सेय येथे अवघ्या ३६ रुग्णांवर एक अभ्यास झाला. २१ मार्च रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ट्विटरवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची भलामण केली. लगोलग आपल्याकडेही मागणी उसळली. २६ मार्च रोजी केंद्र सरकारला या गोळ्यांच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घालावे लागले. संधिवात आणि ल्युपसचे रुग्ण नेहमीच्या औषधासाठी वणवण करू लागले.

५/ पुरावा आला जूनमध्ये. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी हजारो रुग्णांची विभागणी करून औषधे तपासली गेली. ५ जून रोजी निष्कर्ष जाहीर झाला : रुग्णालयातील रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा लाभ नाही. त्याच चाचणीने १६ जून रोजी सांगितले की, डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध गंभीर रुग्णांचे प्राण वाचवते. शास्त्राला स्वस्त औषधांचे वावडे आहे, हा आरोप येथेच गळून पडतो.

६/ तरीही धडा पचला नाही. १० मे २०२१ रोजी गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी १८ वर्षांवरील सर्वांना प्रतिबंधक म्हणून पाच दिवस आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी याविरुद्ध सावध केले. या औषधाच्या बाजूने सर्वत्र फिरवला गेलेला इजिप्तमधील एक शोधनिबंध जुलैमध्ये मागे घेतला गेला. २०२२ मध्ये ब्राझीलमधील १,३५८ रुग्णांच्या चाचणीतही लाभ दिसला नाही. जंतांवर हे औषध उत्तम. पण एका रोगावरचे यश म्हणजे दुसऱ्या रोगावरचा पुरावा नव्हे.

७/ आता पुन्हा नंदुरबार. एप्रिल २०२१ मध्ये कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरी तेलाची पुरचुंडी हुंगल्याने शरीरातील ऑक्सिजन वाढतो, असा निरोप देशभर मोबाइलवर फिरत होता. त्याच काळात नंदुरबारचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिल्या लाटेनंतरच ऑक्सिजन प्रकल्प उभारल्याची दखल देश घेत होता. एकीकडे पुरचुंडी, दुसरीकडे प्रकल्प. ज्या पाड्यावरून दवाखाना कोसभर दूर आहे, तेथे पुरचुंडीवर विसंबून घालवलेला एक दिवस फार महागात पडू शकतो.

८/ म्हणून ‘अडाणी लोक अफवांवर विश्वास ठेवतात’ हे सोपे उत्तर मला अमान्य आहे. वरील दोन्ही औषधांचा गाजावाजा सातपुड्यातील पाड्यांतून सुरू झालेला नाही. तो वॉशिंग्टन आणि पणजीतील सत्ताधाऱ्यांनी केला. मोठ्या पदावरच्या माणसाने दिलेली ग्वाही सामान्य माणसाने खरी मानली, तर दोष प्रथम ग्वाही देणाऱ्याचा.

९/ इतिहासाच्या अभ्यासकाकडे यावर एक साधन आहे. नंदुरबार १९९८ पर्यंत ज्या जिल्ह्यात होते, त्याच्या मुख्यालयी, धुळ्यात, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा १९२६ मध्ये अंत झाला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे आजही आहे. अस्सल पत्रांच्या आधारे बखरींतील चुका दाखवण्याची शिस्त त्यांनी आपल्याला लावली. मोबाइलवर आलेला निरोप ही बखरच. बहुधा लेखकाचे नाव आणि तारीख नसलेली.

१०/ तेव्हा पुढच्या साथीत औषधाचा निरोप आला, तर जुन्या कागदाला विचारतो तेच प्रश्न त्यालाही विचारावेत. कोणी लिहिले? केव्हा? कशावरून? आणि नंतर ते खोडले गेले का? उत्तरे मिळेपर्यंत तो पुढे धाडू नये, आणि औषध तर डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नये. पानिपतावरच्या बखरीतील आकडा आपण तपासून घेतो. आजीच्या गोळीबाबत तेवढी तरी चिकित्सा आपल्याकडून व्हावी.