उशिराचा दंड कोण ठरवतो?

सावकाराने किती व्याज घ्यावे, वर कोणता खर्च लावावा आणि तगादा कुठवर करावा, हे महाराष्ट्रात विधिमंडळाने कायद्यात लिहून ठेवले आहे. गटकर्ज देणाऱ्या वित्त कंपनीने हप्ता चुकल्यावर किती दंड लावावा, हे मात्र आपण निवडून दिलेल्या एकाही माणसाने लिहिलेले नाही. आणि बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव असो की मलकापूर, चिखली असो की मेहकर, आपल्या मोहल्ल्यांत अम्मी-खालांच्या कपाटात जी कर्जाची कार्डे सापडतात, ती बहुतेक या दुसऱ्या प्रकारची असतात.

आधी सावकाराचे पाहू. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चा. त्याखालच्या अधिसूचनेने शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्के, तर इतरांना १५ आणि १८ टक्के अशी मर्यादा घातली. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. मुद्रांक, नोंदणी अशा ठरलेल्या खर्चापलीकडे वेगळी रक्कम उकळता येत नाही. कर्जदाराचा पाठलाग करणे, घराभोवती घुटमळणे हा गुन्हा आहे. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कागदावरचा कायदा आपोआप चालत नाही, हे आपल्या जिल्ह्याइतके कुणाला ठाऊक असणार? खामगावच्या तत्कालीन आमदारांच्या कुटुंबाविरुद्ध सावकारीच्या तक्रारी आल्या, तेव्हा २००६ मध्ये मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून पोलिसांना फोन गेला. बुलढाण्यातल्या एका शेतकऱ्याने हे प्रकरण न्यायालयात नेले. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हस्तक्षेपावर कडक ताशेरे ओढले आणि राज्य सरकारला १० लाख रुपये भरायला लावले. त्या शेतकऱ्याला एवढी लांबची वाट चालता आली, कारण हातात कायदा होता, पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचे बंधन होते आणि चुकल्यास जाब विचारायला एक सरकार होते.

आता वित्त कंपनीचे पाहू. १० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ आणि गुजरातच्या कायद्यांवरील खटल्यात निकाल दिला की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बिगर-बँकिंग वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. म्हणजे या कंपन्यांच्या दरावर आणि दंडावर मुंबई-नागपूरच्या सभागृहांचा हात पोहोचत नाही. तिथे चालते ते रिझर्व्ह बँकेचे निर्देश आणि परिपत्रके.

ही परिपत्रके वाईट नाहीत, आणि ती आपण वाचलेली नाहीत हा आपलाच तोटा आहे. मार्च २०२२ च्या सूक्ष्मकर्जाच्या निर्देशांनुसार उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर लावता येतो, सगळ्या शिल्लक कर्जावर नाही. समजा ३०,००० रुपये शिल्लक आहेत आणि २,००० चा एक हप्ता महिनाभर थकला. दंडाचा दर वर्षाला २४ टक्के असेल तर नियमाप्रमाणे ४० रुपये होतात. तोच दर सगळ्या शिलकीवर लावला तर ६०० होतात. फरक ५६० रुपयांचा, म्हणजे एखाद्या घरातला आठवड्याचा किराणा.

माहितीपत्रकात न लिहिलेला कोणताही आकार घेता येत नाही. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडावर व्याज चढवण्यास मनाई केली. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनेही बँका आणि वित्त कंपन्यांच्या दंडावर जीएसटी लागत नसल्याचे स्पष्ट करण्याची शिफारस केली. तरीही ‘घरी आल्याचा चार्ज’ म्हणून पेनाने लिहिलेली दोन-तीनशेची रक्कम मी कार्डांवर पाहिली आहे. ती माहितीपत्रकात नव्हती.

मग उणीव कुठे आहे? दंड ‘वाजवी’ असावा असे परिपत्रक म्हणते. पण वाजवी म्हणजे किती, हे कंपनीचे संचालक मंडळच आपल्या धोरणात ठरवते. कमाल मर्यादेचा आकडा नाही. सावकाराला असलेली दामदुपटीची अट इथे नाही. शिवाय रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ५८ खालची विनियमने संसदेसमोर ठेवावी लागतात. वित्त कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या निर्देशांना ती सक्ती नाही. लाखो घरांच्या खिशाला हात घालणारा नियम येतो, बदलतो, आणि सभागृहात त्यावर एक शब्दही बोलला जात नाही.

यावर कुणी म्हणेल, राजकारण्यांच्या हाती हे देऊच नका. आक्षेपात तथ्य आहे. २०१० मध्ये आंध्र प्रदेशाने घाईने कायदा केला, वसुली थांबली आणि पाठोपाठ गरिबांना मिळणारे कर्जही आटले. म्हणून दर रोज विधानसभेत ठरावेत असे मी म्हणत नाही. नियम तज्ज्ञांनी करावेत, पण त्यांची झडती निवडून आलेल्यांनी घ्यावी, एवढीच मागणी आहे.

आपल्याकडे आणखी एक उत्तर तयार असते: सूद हराम आहे, कर्जच घेऊ नका. श्रद्धेचा हा मुद्दा ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावा. पण जिने आधीच सही केली आहे, तिला या उत्तराचा उपयोग नाही. तिला दंडाचा हिशेब तपासून देणारा माणूस हवा आहे. आणि वसुलीला येणारा पोरगाही बऱ्याचदा आपल्याच मोहल्ल्यातला, टार्गेटखाली दबलेला असतो. त्याच्याशी भांडण नको. नियम त्यालाही वाचून दाखवा.

झडती घ्यायची कुठे? जिल्ह्यात बुलढाणा आणि, मलकापूर ज्यात येते तो, रावेर असे दोन लोकसभा मतदारसंघ आहेत. दोन्हीकडचे खासदार, प्रतापराव जाधव आणि रक्षा खडसे, जून २०२४ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत आणि संसदीय समित्यांवरही बसत नाहीत. त्यामुळे बुलढाण्याचा प्रश्न राज्यातल्या दुसऱ्या खासदारामार्फत किंवा राज्यसभेतून विचारावा लागेल. आपल्या दोघांना मात्र अर्थमंत्र्यांना पत्र लिहिण्यापासून कुणी अडवलेले नाही. ते पत्र मागा. त्यात तीन गोष्टी असाव्यात: छोट्या कर्जांवरील दंडाला आकड्यात मर्यादा, व्याज-दंड मिळून मुद्दलापेक्षा जास्त वसूल न करण्याची अट, आणि कंपन्यांनी वर्षभरात किती दंड गोळा केला याचा अहवाल संसदेसमोर.

जिल्ह्यातले सात आमदारही हात झटकू शकत नाहीत. दर राज्याच्या हातात नसेल, पण धाकदपटशा हा पोलिसांचा विषय आहे. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, तमिळनाडूने एप्रिलमध्ये विधेयक मंजूर केले. महाराष्ट्र काय करणार, हे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात लक्षवेधी सूचनेने विचारता येते. शिवाय अग्रणी बँक योजनेखाली जिल्हास्तरीय आढावा समितीची बैठक दर तिमाहीला होते आणि तिला लोकप्रतिनिधींना बोलावले जाते. वित्त कंपन्यांनाही तिथे बोलवा, अशी मागणी आमदारांनी केली तर त्याला नवा कायदा लागत नाही.

आणि तुमच्यासाठी काम आजचेच आहे. घरातले कार्ड आणि माहितीपत्रक शेजारी ठेवा. दंड कशावर लावला, पावती आहे का, पेनाने काय वाढवले, ते पाहा. चूक दिसली तर कंपनीला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. प्रत्येक तक्रारीची एक प्रत आमदाराच्या कार्यालयातही द्या. एका खालाची तक्रार किरकोळ ठरते. एकाच तालुक्यातल्या पन्नास तक्रारी टेबलावर पडल्या, की त्यांचा प्रश्न होतो, आणि प्रश्न विचारणे हे त्यांचे काम आहे.