गोकूला मरू द्या की!

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीतले एक आजोबा गेले. वय झालं होतं, बरेच दिवस आजारी होते. त्यांच्या दोन्ही नातवंडांना त्याच सकाळी मामाकडे पाठवलं आणि सांगितलं काय, तर "आजोबा हॉस्पिटलमध्ये आहेत." तेरावं होऊन गेलं, मुलं परत आली, आणि अजून विचारताहेत आजोबा कधी येणार म्हणून. लिफ्टमध्ये त्यांच्या सूनबाईंनीच मला हे सांगितलं. "लहान आहेत हो काकू, त्यांना कशाला उगाच!"

लिफ्टमध्ये मी गप्प बसले. इथे बोलते. हे साफ चूक आहे. आणि ही चूक मला शाळेतल्या इतक्या वर्षांच्या नोकरीने नाही, एका जपानी कार्टूनने दाखवून दिली. हसा खुशाल.

झालं असं. 'ड्रॅगन बॉल' काढणारे अकिरा तोरियामा १ मार्च २०२४ ला वारले. ६८ वर्षांचे होते. आठवडाभराने बातमी आली, त्या रात्री माझा नातू धड जेवला नाही. तिशीला आलेला, खराडीला नोकरी करणारा मुलगा! म्हटलं, लाव बाबा तुझं ते कार्टून, मीही बघते. त्याच्या लहानपणी याच 'ड्रॅगन बॉल झेड'वरून मी रिमोट हिसकावून घेत असे. सारखी मारामारी, सारखं ओरडणं! या वेळी मात्र आम्ही मूळ जपानी आवाजात बघितलं. खाली इंग्रजी अक्षरं, आणि शेजारी नातू मराठीत सांगायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गोकू हा परग्रहावरून पृथ्वीवर आलेला मुलगा. लहानपणी त्याला माकडासारखी शेपटी असते. मोठेपणी अंतराळातून येणाऱ्या शत्रूंशी तो लढतो. ही मालिका जपानमध्ये १९८९ ते १९९६ चालली, एकूण २९१ भाग. त्यात पाचव्याच भागात नायक मरतो. खरोखर मरतो. मग वर जातो, तर तिथे मेलेल्यांचा हिशेब ठेवणारा एक धिप्पाड अधिकारी बसलेला. नाव एन्मा. अहो, हा तर आपला यम! बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेला.

आता अमेरिकेत काय केलं बघा. १९९६ मध्ये तिथे इंग्रजी मालिका आली तेव्हा पहिल्या ६७ भागांना कात्री लावून ५३ केले. कोणी मेलं की तो 'दुसऱ्या मितीत गेला' असं म्हणायचं. नरकातल्या दोन राक्षसांच्या बनियनवर इंग्रजीत 'हेल' लिहिलं होतं, तर अक्षरं बदलून त्याचं 'एचएफआयएल' केलं, आणि त्याचा अर्थ सांगितला 'कायम हरणाऱ्यांचं घर'!

गोकू हे नाव चिनी कथेतल्या सुन वुकाँग या वानराचं. ह्युएन त्संगच्या भारतयात्रेवर रचलेली ती कथा. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला तोच हा ह्युएन त्संग. त्या कथेत वानर यमाच्या दरबारात घुसून वहीतून आपलं नाव खोडून टाकतो. पण तो वानर होता हो! शहाण्यासुरत्या मोठ्या माणसांनी तेच करावं?

कोणी म्हणेल, त्या मालिकेत मेलेले परत जिवंत होतात, मग मुलं काय शिकणार? अहो, आपल्या कचाला शुक्राचार्यांनी संजीवनीने किती वेळा उठवलं? ते ऐकून आपण कोणी बिघडलो नाही. शिवाय ड्रॅगनला नियम आहेत. माणूस आजाराने, नैसर्गिकपणे गेला असेल तर ड्रॅगनही त्याला परत आणू शकत नाही.

हा नियम मला सांगितला माझ्या नातवाने. २००४ साली.

त्या वर्षी आमचे हे गेले. हृदयविकार. नातू तिसरीत होता. त्याला मावशीकडे पाठवलं आणि नंतर मीच सांगितलं, "आजोबा गावाला गेलेत, येतील." मी! वर्गात 'श्यामची आई' वाचून दाखवणारी बाई. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं आणि शेवटी श्यामची आई जाते हे मुलांपासून लपवलं नाही. माझे वर्गच्या वर्ग त्या पानावर रडले आणि मधल्या सुट्टीत खेळायला गेले. पण स्वतःच्या घरात ते धैर्य मला झालं नाही.

त्या दिवसांत कार्टून नेटवर्कवर इंग्रजीतली मालिका लागायची. तिच्यात भविष्यातून एक मुलगा येतो आणि सांगतो की गोकू शत्रूच्या हातून नाही, हृदयाच्या आजाराने मरणार आहे. सोबत तो औषधही घेऊन आलेला असतो. इतकी कात्री लावूनही एवढं उरलं होतं म्हणायचं.

एका संध्याकाळी नातू माझ्याजवळ आला. म्हणाला, "आजी, आजोबांना पण हार्टचंच झालं होतं ना? मग त्यांना ड्रॅगनपण नाही आणू शकत. तू गावाला का म्हणतेस?"

मला उत्तर देता आलं नाही. मग तो रडला. इतके दिवस आम्ही त्याला रडूच दिलं नव्हतं. मीही त्याच्याबरोबर बसून रडले, आणि हे गेल्यानंतर मी मोकळेपणी रडले ती तेव्हाच.

म्हणून म्हणते, मुलांना जपायच्या नावाखाली आपण स्वतःला जपतो. त्यांच्या प्रश्नाला तोंड द्यायची आपली तयारी नसते. आणि मुलांना सगळं कळत असतं. फक्त आपण खोटं बोलतोय हेही त्यांना कळतं, आणि मग ती आपल्याला विचारायचंच सोडून देतात.

असो. कोणाला पटलं नसेल तर जरूर भांडा. लिफ्टमध्ये त्या सूनबाई पुन्हा भेटल्या की या वेळी मात्र मी गप्प बसणार नाही. मुलं अजून विचारताहेत, तोवरच सांगून टाका म्हणावं.