गाणे देवाचे, मग चुका कुणाच्या?

सण जवळ आला, नोव्हेना सुरू झाल्या, की आपल्या धर्मग्रामांत नवी गीते उगवू लागतात. कुणी शिक्षक, कुणी बँकेत नोकरीला, कुणी परिचारिका, कुणी कॉलेजातला मुलगा. पेटीवर बोटे फिरवता येणारा प्रत्येकजण कधी ना कधी एखादी चाल बांधतोच. ही गोष्ट आनंदाची आहे. मात्र या गीतांच्या वाट्याला जे अभिप्राय येतात ते दोनच प्रकारचे. तोंडावर ‘छान झालं’ आणि पाठीमागे ‘काय ते गाणं!’ पहिल्याचा कर्त्याला उपयोग नाही आणि दुसरा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

या दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे व माझे भांडण तिच्याशी आहे. गाणे देवासाठी केलेले आहे, भाव महत्त्वाचा, त्यात चुका कसल्या काढायच्या? ही समजूत नम्रतेचा झगा पांघरून येते, म्हणून तिला कुणी हटकत नाही. सुताराने वेदीसाठी केलेल्या मेजाचा एक पाय आखूड निघाला, तर ‘भाव महत्त्वाचा’ म्हणून त्यावर पवित्र प्याला कुणी ठेवील काय? त्या सुताराला बोलावून पाय सरळ करून घेतला जातो आणि त्यात सुताराला अपमान वाटत नाही. आखूड पायाची चाल मात्र आपण वर्षानुवर्षे वेदीसमोर डुगडुगत ठेवतो.

माझी स्वतःचीच गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अर्पणाच्या वेळी गाण्यासाठी एक गीत रचले. त्याच्या ध्रुवपदात ‘तू मज विसरणार नाही’ अशी ओळ होती. चाल बांधताना समेवर ‘विसरणार’ हा शब्द आला. तिथे स्वर छान ठरत होता, म्हणून मी तो लांबवला, त्यापुढे पेटीचा तुकडा घातला, ओळ पुन्हा घेतली, पुन्हा तुकडा, आणि मग कुठे ‘नाही’. हे गीत आम्ही अकरा वर्षे गायलो. एका रविवारी मिस्सा संपल्यावर वाडीतल्या एका आजींनी मला पायरीवर थांबवले आणि म्हणाल्या, “बाबा, देव विसरणार असं तू दोनदा सांगतोस, मग पेटी वाजवत बसतोस आणि सावकाश नाही म्हणतोस. तेवढ्या वेळात माझा जीव खालीवर होतो रे.”

मी हसलो खरा, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आजींचे बोलणे मला झोंबले नव्हते. आमच्या गायकवृंदात बारा जण होते, त्यांपैकी दोघे रीतसर शिकलेले. त्यांच्यापैकी एकाला दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा तो म्हणाला, “पहिल्याच तालमीत लक्षात आलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.” अकरा वर्षे माझे मन जपले गेले आणि अकरा वर्षे सबंध देऊळ देवाला भलतेच सांगत राहिले. याला मी प्रेम म्हणायला तयार नाही.

हे दोष काही गूढ नसतात. ऱ्हस्व अक्षरावर लांब तान आली की शब्द ओळखू येत नाही. श्वास घ्यायला जागा ठेवली नाही की शब्द मध्येच तुटतो. सर्वांत मोठा दोष पट्टीचा. चाल बांधणाऱ्याचा स्वतःचा गळा चढा असतो. तो अंतरा तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत नेतो आणि त्याला वाटते, काय सुंदर चढले! बाकांवर बसलेले पुरुष तिथे गप्प होतात, बायका ओढणी सावरल्यासारखे करून थांबतात, आणि गाणे गायकवृंदाचे होऊन जाते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे जे संविधान प्रसिद्ध केले, त्यात संगीतकारांना उद्देशून स्पष्टच म्हटले आहे, की रचना केवळ मोठ्या गायकवृंदांसाठी नसाव्यात, लहान गायकवृंदांना झेपणाऱ्याही असाव्यात आणि सबंध भक्तमंडळीला सहभाग घेता यावा. आपण मराठीतून मिस्सा गाऊ लागलो तो याच परिषदेमुळे. तिची भाषेची परवानगी आपण आनंदाने घेतली. बाकांवरच्या माणसाची जी काळजी तिने वाहिली, ती मात्र आपल्या चालींत क्वचितच दिसते.

चित्रपटगीतांच्या उचललेल्या चालींविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तो राग सर्वांना ठाऊक आहे. गंमत एवढीच, की हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाची घडण देणाऱ्यांत सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस असे गोमंतकीय ख्रिस्ती होते आणि त्या पिढीतल्या अनेकांनी स्वरलिपी गिरवली ती देवळाच्या शाळेत, मेस्त्रीच्या छडीखाली. देवळाने सिनेमाला वादक दिले. आता आपण सिनेमाकडून उसनी चाल आणतो.

हौशी माणसे एकमेकांची रचना तपासू लागली म्हणजे काय घडते, याचा दाखला देण्यासाठी थोडे दूर जातो, कारण इतका स्पष्ट दाखला मला जवळपास सापडला नाही. १८६० च्या दशकात रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरी पाच मित्र एकत्र जमत. बोरोदिन रसायनशास्त्राचा प्राध्यापक, क्यूई लष्करी अभियंता, मुसोर्गस्की लष्कर सोडून सरकारी कचेरीत बसलेला, रिम्स्की-कोर्साकोव आरमारातला कोवळा अधिकारी. व्यवसायाने संगीतकार असा एकटा बालाकिरेव, आणि तोही कुठल्या संगीतशाळेत शिकलेला नव्हता. जो तो आपले नवे पान आणी, पियानोवर वाजवून दाखवी, आणि बाकीचे त्याची चिरफाड करीत. रिम्स्की-कोर्साकोव १८६२ मध्ये जहाजावर निघून गेला तेव्हाही हे थांबले नाही. इंग्लंडच्या मुक्कामात त्याने आपल्या सिंफनीचा एक भाग लिहिला आणि अभिप्रायासाठी टपालाने बालाकिरेवकडे धाडला. ती सिंफनी १८६५ च्या डिसेंबरात वाजली. बोरोदिनने आपली पहिली सिंफनी १८६२ मध्ये हाती घेतली. प्रयोगशाळा सांभाळत, मित्रांचे बोलणे ऐकत ती पुरी केली आणि १८६९ मध्ये ती लोकांसमोर आली. हे सारे फावल्या वेळात संगीत करणारे होते. आपणही तेच आहोत.

या मंडळींचे मी गोडवे गातो असे समजू नका. बालाकिरेव हेकट होता. मुसोर्गस्कीने १८६७ मध्ये ‘उजाड डोंगरावरची रात्र’ ही रचना पुरी केली, तेव्हा बालाकिरेवला ती पसंत पडली नाही. बदल करायला मुसोर्गस्की राजी झाला नाही, आणि १८८१ मध्ये तो वारला तोवर ती वाजलीच नाही. पाच वर्षांनी रिम्स्की-कोर्साकोवने ती आपल्या पद्धतीने नव्याने बांधून वाजवली. एकाच माणसाच्या हाती निकाल गेला म्हणजे असे होते. म्हणून मला आपल्याकडे एखादा बालाकिरेव नको आहे. ‘हे मला आवडले नाही’ हा अभिप्रायच नव्हे. ‘तिसऱ्या ओळीत मला शब्द कळला नाही’, ‘इथे माझा श्वास संपला’, हा अभिप्राय. तो ऐकून काय करायचे ते कर्त्याने ठरवावे. त्याने एक अक्षरही बदलले नाही, तरी चालेल. पण त्याला कळलेले असावे.

यावर कुणी म्हणेल, फादरांनी मंजूर केले की झाले. फादर शब्दांतली शिकवण तपासतात व ते त्यांचे कामच आहे. ‘विसरणार’नंतरच्या पेटीच्या तुकड्यात शिकवण कुठे बिघडते हे त्यांनाही आधी ऐकू यावे लागते. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: आपल्याकडे गाण्याला नाव ठेवले की घराण्याला नाव ठेवल्यासारखे होते. एक वाडी दुसऱ्या वाडीशी बोलेनाशी होते, कुणीतरी गायकवृंद सोडतो आणि नाताळच्या तोंडावर फादरांना समजूत काढायला जावे लागते. मला हे मान्य आहे. म्हणूनच ही बैठक देवळाच्या माडीवर, गायकवृंदासमोर, सणाच्या आदल्या रात्री भरू नये. ती कुणाच्यातरी ओटीवर भरावी, सण महिनाभर दूर असताना, शेजारच्या दोन-तीन धर्मग्रामांतली माणसे बोलावून. ज्याला कोण कुणाचा भाचा हे ठाऊक नाही, तो मोकळेपणाने बोलतो. आणि बाकावर बसून गाणारी, संगीताचा गंध नसलेली एक तरी आजी तिथे हवी.

माझ्या त्या गीताचे पुढे काय झाले? ‘नाही’ आधी आणून ‘नाही मज विसरणार’ असे मी केले. अर्थ सुधारला, पण यमक गेले, आणि पुढची ओळ समेवर बसेनाशी झाली. चार महिने झाले, मी तिथेच अडकलो आहे. कुणाला काही सुचले तर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर मी घरीच असतो. पेटी आहे, तबला मात्र येताना आणावा लागेल.