दार उघडलं, पण कुणी?



समजा, तुम्ही राजुरीत राहता. हो, तेच आपल्या जुन्नर तालुक्यातलं, आळेफाट्याजवळचं राजुरी. आठवीची परीक्षा नुकतीच संपलीय. शेतात कांदाकाढणी जोरात आहे. आणि अचानक पुण्याच्या आत्याचा फोन येतो, "नववीपासून हिला माझ्याकडे पाठवा. इथल्या शाळेत शिकेल." पप्पा म्हणतात, "चांगली संधी आहे." आजी म्हणते, "एवढीशी पोर, परक्या गावात कशाला?" आई तर गप्पच! रविवारच्या उपासनेनंतर पाळक सांगतात, "प्रार्थना करा. देव मार्ग दाखवील."

तुम्ही प्रार्थना करता. पण कानात काही आवाज येत नाही. मग हे दार देवानं उघडलंय, की ही नुसतीच आलेली एक संधी आहे, हे ओळखायचं कसं?

ख्रिस्ती घरांत हा प्रश्न नेहमी निघतो. इतर घरांतही निघतो, शब्द तेवढे वेगळे असतात. आज आपण आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या एका बाईंना हा प्रश्न विचारू या. पंडिता रमाबाईंना!

रमाबाईंचा जन्म 1858 चा. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि मोठी बहीण, तिघंही गेली. भावाबरोबर पायी देशभर भटकत त्या 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांची संस्कृत विद्या पाहून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि 1882 मध्ये पतीही गेले. चोविसाव्या वर्षी या बाई विधवा!

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथंच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. पण त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. झालं! डॉक्टर होण्याचं दार बंद.

मग दुसरंच एक दार उघडलं. त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर होत होत्या. 1886 च्या मार्चमधल्या पदवीदान समारंभाला या, असं फिलाडेल्फियाहून बोलावणं आलं. थोड्या दिवसांसाठी म्हणून रमाबाई गेल्या आणि अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. लहान मुलांना खेळातून कसं शिकवायचं, ते तिथं शिकल्या. हिंदुस्थानातल्या विधवांची स्थिती सांगणारं पुस्तक लिहिलं. बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षं मदत देण्याचं वचन दिलं आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत विधवा मुलींसाठी 'शारदा सदन' सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं.

आता खरी गंमत पुढेच आहे, बरं का!

दहा वर्षांनी अमेरिकेची मदत थांबली तर? म्हणून रमाबाईंनी दौंड तालुक्यात केडगावला जमीन घेतली. बेत अगदी साधा. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं. एवढ्यात 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली अन्नावाचून तडफडताहेत, ही बातमी आली. रमाबाईंना स्वतःचे उपाशी दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. पण पुण्यात त्याच सुमारास प्लेग! इतक्या मुलींना तिथं ठेवता येईना. मग नेणार कुठं?

केडगावला! फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उठल्या. तेच पुढे 'मुक्ती सदन' झालं. 1900 च्या सुमारास तिथं दीड हजारांच्या आसपास मुली-बायका राहत होत्या. शिकत होत्या, विणत होत्या, छापखानाही चालवत होत्या.

मुलांनो, जमीन घेताना रमाबाईंना हे ठाऊक होतं का? मुळीच नाही! त्यांना फक्त पुढचं एक पाऊल दिसत होतं. ते त्यांनी नीट टाकलं. देवाचं मार्गदर्शन बहुतेक वेळा असंच असतं. ते घाटातल्या रात्रीच्या प्रवासासारखं. दिव्याच्या उजेडात पुढचं वळण दिसतं, सगळा घाट दिसत नाही.

तर मग संधी आली की स्वतःला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला : यात कुणाची गरज भागणार आहे? नुसती माझी हौस, की आणखी कुणाचं भलं? दुष्काळातल्या मुलींची हाक रमाबाईंना लगेच ऐकू आली, कारण ती भूक त्यांनी स्वतः भोगली होती. तुम्ही जे सोसलंय, जे शिकलाय, त्याचा उपयोग होणारी संधी आली तर नीट लक्ष द्या.

दुसरा : यासाठी खोटं बोलावं लागतंय का? कुणाला फसवावं लागतंय का? लागत असेल, तर ते दार कितीही सुंदर असो, देवाचं नाही. इथं फार विचार करायचं कारणच नाही.

तिसरा : मी कुणाला विचारलंय का? बायबलमधला छोटा शमुवेल आठवतो ना? रात्री हाक आली की तो धावत एलीकडे जायचा. असं तीनदा झालं. ही देवाची हाक आहे, हे वृद्ध एलीनं ओळखलं, शमुवेलानं नाही! म्हणून आजीचं म्हणणंही ऐका. तिच्या "कशाला?"मध्ये भीती असेल, पण शहाणपणही असू शकतं.

आणि एक सांगू? दार देवाचं असलं म्हणजे वाट सोपी असते, असं नाही. 1893 मध्ये शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, म्हणून पुण्यात मोठा वाद झाला. पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. अडचण आली म्हणजे देव नाही म्हणतोय, असं लगेच समजू नका. तसंच सगळं सुरळीत झालं म्हणजे तो हो म्हणतोय, असंही नाही. प्रार्थना करा, विचारा, थोडं थांबा. आणि 'नाही' म्हणावंसं वाटलं, तर तेही मोकळेपणानं सांगा. राजुरीत राहूनही देवाच्या कामाला येता येतं!

आई-बाबांनो, तुम्हालाही एक विनंती. "ही देवाची इच्छा आहे," असं म्हणून मुलांचं तोंड बंद करू नका. आपली इच्छा देवाच्या नावावर खपवणं फार सोपं असतं. मुलांशेजारी बसा आणि त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या.

केडगावला रमाबाईंची संस्था आजही आहे. दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर केडगाव स्टेशन आल्यावर खिडकीतून जरूर बघा. आणि मनात म्हणा, इथं खरं तर फळबाग व्हायची होती!

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमची,
ताई